दोन कागदांवरचं मूल

फोटोवाल्याने माउसवर बोट टेकवलं आणि पडद्यावरचं मूल नाहीसं झालं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. बैलांची रांग होती, त्यांच्या पाठीवरचे उंचवटे होते, उजवीकडे ती मोठी आकृती होती, एक हात लांब केलेली. फक्त त्या हाताच्या टोकाशी जे मूल असायचं, तिथे आता नुसता करडा खडक होता. “काहीतरी चुकीचं दाबलंत तुम्ही,” ती म्हणाली. फोटोवाला चाळिशीचा, फार सभ्य माणूस. गेले दोन महिने तो गुहेच्या भिंतीचे इंचाइंचाचे फोटो काढून आणत होता आणि संग्रहालयाच्या तळघरातल्या या खोलीत बसून ते एकमेकांना जुळवत होता. त्याने पुन्हा बोट टेकवलं. मूल आलं. पुन्हा टेकवलं. मूल गेलं. “चुकीचं नाही मॅडम. हा प्रोग्राम फक्त रंग उचलतो, माणसाने लावलेला. खडकातून पाझरून आलेला गंज तो सोडून देतो.” मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. “लहान आकृती म्हणजे गंजाचा डाग आहे, असं मला वाटतं. शंभरपट मोठं करून बघितलं. रंगाचा एक कण नाही तिथे.” आणि अशा वेळी सभ्य माणसं जे करतात तेच त्याने केलं. तिच्यासाठी पाणी आणायला उठला.

त्या चित्राला सगळे ‘मायलेकरं’ म्हणत. संग्रहालयाच्या फाटकावर तेच होतं, तिकिटावर तेच, चहाच्या कपांवर तेच, आणि शाळेच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात तेच, खाली ‘माणसाच्या मायेचा सर्वांत जुना पुरावा’ असं लिहून. एकतीस वर्षांपूर्वी ते खडकावरून कागदावर उतरवलं होतं तिने, स्वतःच्या हाताने. आता तिला साठावं लागलं होतं, दहा महिन्यांनी निवृत्ती होती. तेव्हा आधी संग्रहालयाची अब्रू आठवायला हवी होती, निदान स्वतःची तरी. संचालकांना सांगायचं कसं, वर्तमानपत्रवाले काय लिहितील, फाटकाचं काय करायचं, असे चार शहाण्यासारखे प्रश्न पडायला हवे होते. पण पाण्याचा ग्लास हातात धरून ती पडद्याकडे बघत बसली आणि डोक्यात एकच प्रश्न ठाण मांडून राहिला. मग त्याला कसं दिसलं? तो म्हणजे तिचा नवरा.

कारण हे मूल तिला एकटीला दिसलेलं नव्हतं. ट्रेसिंगची एक शिस्त असते, आणि ती शिस्त त्यांच्या सरांनी घालून दिली होती. एक चित्र दोघांनी उतरवायचं. वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांचा कागद न बघता, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. खडकावर पारदर्शक कागद चिकटवायचा, मेणाची पेन्सिल घ्यायची आणि दिसेल तेवढंच काढायचं. शहरात परतल्यावर काचेखाली दिवे लावलेल्या टेबलावर दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे. दोघांच्या रेघा जिथे जुळतील तिथे शाईची सलग रेघ. एकालाच दिसलं असेल तिथे नुसते ठिपके. “एकाला दिसतो तो भास, दोघांना दिसतं ते चित्र,” सर म्हणायचे. सरांना दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं सगळं कळायचं. समोर बसलेल्या माणसांचं मात्र यथातथाच. त्या काळात ही जोडी संग्रहालयातली पहिल्या नंबरची ट्रेसिंग करणारी म्हणून ओळखली जायची. लोकांत ती नवऱ्याला अहो म्हणायची, घरात अरे. आणि ते मूल सलग रेघेत होतं. डोक्यापासून पायांपर्यंत, एक ठिपका नाही.

त्यांच्या मुलीचं खरं नाव शाळेच्या अर्जापलीकडे कधी वापरलंच गेलं नाही. लाकडी बाहुलीसारखी ठेंगणीठुसकी आणि डोळे वटारून बघणारी, म्हणून सगळे तिला ठकी म्हणत. चार वर्षं दोन महिने. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. सांगायला गेलं तर एवढंच, आणि एवढ्यात संपतं म्हणूनच ती कुणाला सांगायला जात नसे. पुढच्याच आठवड्यात नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठकीचा छोटा पलंग सुटा केला. फळ्या सुतळीने बांधून माळ्यावर टाकल्या, स्क्रू बाटलीत भरले आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: ‘पलंग, लहान’. खडकाच्या नमुन्यांवर चिकटवायचा तशीच, त्याच ठसठशीत अक्षरात. ती दारात उभी राहून बघत होती. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. “पुरुष असेच असतात गं, आतल्या आत रडतात,” तिची बहीण म्हणाली. तिने बरेच दिवस त्या ‘आतल्या आत’ला कान लावून पाहिला. काही ऐकू आलं नाही. त्याने मुलीचं नाव पुन्हा म्हणून तोंडातून काढलं नाही, आणि तिने काढलं की तो उठून नळ नीट बंद आहे का ते बघून यायचा. माणूस कोरडा आहे, अशी तिची खात्री होत चालली. रात्री त्याच्या शेजारी झोपताना ती भिंतीकडे सरकायला लागली होती. कोरड्या माणसाबरोबर जन्म काढता येतो, बायका काढतातच. पण तिला तो काढायचा नव्हता. तिने बहिणीच्या घरातली मागची खोलीसुद्धा मनात मोजून ठेवली होती.

सात आठवड्यांनी सरांनी दोघांना गुहेच्या कामावर नेलं. कामासारखं औषध नाही, असं त्यांचं मत. तिसऱ्या दिवशी ती वर एकटी होती. चारच्या सुमाराला वीसेक मिनिटं ऊन तिरपं होऊन गुहेत शिरायचं आणि भिंतीवर दिवसभर न दिसलेलं काहीबाही वर यायचं. ती मोठ्या आकृतीच्या हातापर्यंत आली होती. तो हात संपला आणि पेन्सिल थांबली नाही. आधी गोल डोकं, मग वर केलेला एक हात, मग दोन पाय. फिकट, पण होतं. तिला रडू आलं नाही. उलट किती दिवसांनी मोकळं वाटलं. कुणीतरी, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी, आपलं मूल हाताशी धरून या भिंतीवर ठेवून गेलं होतं, आणि ते अजून होतं. त्या संध्याकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा सरांची शिस्त मोडली. तंबूबाहेर हात धुताना नवऱ्याला हळूच म्हणाली, “मोठीच्या हाताशी एक लहान आहे. उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती. तो उतरून आला तेव्हा उजेड कमी झाला होता. ती वाटेतच उभी होती. “दिसली?” तिने विचारलं. दिसलं का, असं नाही, दिसली. तो “हं,” म्हणाला, आणि कागदावर तारीख टाकायला तंबूत गेला. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आला आणि चहा मागितला.

पुढे टेबलावर कागद जुळवले तेव्हा दोन्हीकडे मूल होतं. “दोघांनाही दिसलं? मग आहे,” सर म्हणाले आणि शाईची दौत उघडली. तिने टेबलापलीकडे नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून कागदाचा कोपरा धरून उभा होता. त्याच क्षणी तिने त्याला माफ केलं. बाटलीतले स्क्रू, नळ, सगळं माफ. गंजाच्या डागाएवढ्या फिकट रेघेत ज्याला मूल दिसतं तो माणूस कोरडा कसा असेल? बहिणीच्या घरची मागची खोली तिने डोक्यातून काढून टाकली आणि रात्री भिंतीकडचं तोंड वळवलं. सरांनी मग त्या चित्रावर पुस्तक लिहिलं. त्याआधी त्या भिंतीचे काय काय अर्थ लावून झाले होते! कुणी म्हणाला शिकारीचा मंत्र आहे, कुणी म्हणाला पावसाची आळवणी आहे, एका निवृत्त फौजदाराने हा चोरीच्या गुरांचा पंचनामा आहे असं सहा पानी पत्र पाठवलं होतं. गुरांचा एक डॉक्टर गुहा बघायला आला, बराच वेळ मान तिरकी करून उभा राहिला आणि म्हणाला, “दुसऱ्या बैलाचं पोट फुगलंय.” सगळे हसले, पण ती त्या डॉक्टरला कधी विसरली नाही. चित्र काही बोलत नाही. जो तो आपापल्या घरचं बोलतो. सरांनी मायलेकरं म्हटलं तेव्हा मात्र बाकीचे गप्प झाले, कारण मूल तिथे होतं. सलग रेघेत होतं.

“मी जुने कागद बघून येते,” ती फोटोवाल्याला म्हणाली आणि मागच्या भांडारात गेली. पत्र्याच्या कपाटात एकतीस वर्षांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. तिने दोघांचे कागद काढले, दिव्यांच्या टेबलावर पसरले, कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली आणि भिंग घेतलं. आपला कागद आधी. खडक कधी गुळगुळीत नसतो; त्याच्यावर रेघ ओढली की पेन्सिल कणाकणावर अडखळते आणि रेघेला बारीक कापरं भरतं. बाहेरच्याला ते दिसतही नाही, या धंद्यातल्याला मात्र अक्षरासारखं वाचता येतं. तिच्या कागदावर बैल कापरे होते, मोठी आकृती कापरी होती, मूल कापरं होतं. मग तिने त्याचा कागद ओढला. बैल कापरे. मोठी आकृती कापरी. हात कापरा, अगदी बोटांपर्यंत. आणि मूल गुळगुळीत. तिने भिंग पुसलं. दिवा वाढवला. कागद उचलून उजेडाकडे धरला. रेघ कुठेच अडखळली नव्हती. ती खडकावर काढलेलीच नव्हती. ती टेबलावर काढलेली होती, तंबूतल्या पत्र्याच्या सपाट टेबलावर, तारीख टाकायच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत. सरांना हे दिसलं नाही याचं आश्चर्य नव्हतं, सरांनी जन्मात कधी हातात पेन्सिल धरून खडकावर काम केलं नव्हतं. आश्चर्य तिला स्वतःचंच वाटत होतं. तिने त्या दिवशी कागदाकडे पाहिलंच नव्हतं, त्याच्याकडे पाहिलं होतं.

म्हणजे भीक घातली, असं तिला वाटलं. वेडी झालीय, तिच्या मनासारखं होऊ द्या, म्हणून घातलेली भीक. तिला राग आला. ज्या खुंटीवर तिने एकतीस वर्षांचा संसार टांगला होता ती खुंटी भिंतीत ठोकलेलीच नव्हती, भिंतीवर नुसती काढलेली होती. आणि तरी सगळं इतकी वर्षं टांगलेलं राहिलं होतं, याचंच तिला हसू यायला लागलं आणि तोंडावर पदर धरून ती भांडारात एकटीच हसत उभी राहिली. त्या हसण्याचा शेवट काही चांगला झाला नाही. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन ती बाहेर आली. तपासणीचा फॉर्म फोटोवाल्यासमोर तसाच पडला होता. ‘आधीच्या ट्रेसिंगमधील वगळायच्या रेषा’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘लहान आकृती, पूर्ण’. कारण, ‘रंग नाही’. आणि सही केली. “मॅडम, घाई नको,” फोटोवाला कळवळून म्हणाला, “आधी संचालकांशी बोलून मग...” “खडक काही संचालकांना विचारून रंगवलेला नाही,” ती म्हणाली. त्याने पडद्यावरच्या लांब हाताकडे बोट दाखवलं. “पण मग ती मोठी आकृती काय करतेय? हात असा का धरलाय तिने?” तिने पर्स उचलली. “ते मला माहीत नाही. तुम्ही एवढंच लिहा, हात लांब केलेली आकृती. हातात काही नाही.”

घरी जायला चालत गेलं तर चाळीस मिनिटं लागत. ती चालत निघाली. रस्त्यावर कचेऱ्या सुटल्याची गर्दी होती, दुकानांची शटर अर्धी वर होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, आणि तिला प्रत्येक गोष्ट आज नुसती दिसत होती, तिचा अर्थ लागत नव्हता. अर्थ लावायचं तिने फार केलं होतं. एका ‘हं’वरून तिने अख्खा माणूस लिहून काढला होता, सरांनी एका चित्रावर एकच पुस्तक लिहिलं, तिने रोज एक पान लिहिलं. तो जेवताना मधेच थांबला, की त्याला आठवण झाली. शाळेच्या सुट्टीच्या वेळी त्याने खिडकी लावून घेतली, की त्याला पोरांचा आवाज सोसत नाही. एकदा लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानापुढे तो बराच वेळ उभा राहिला होता. ती लांबून बघत होती आणि त्या रात्री तिने न बोलता त्याचे पाय चेपले होते. कदाचित काचेत बघून केस सारखे करत असेल. खिडकी उन्हासाठी लावली असेल. घास गरम असेल. पोट फुगलेल्या बैलाचा डॉक्टर बरा, निदान त्याने बैलाबद्दल सांगितलं. ठकीसाठी आपण एकटीच रडलो, एवढं एक वाक्य आता उरलं होतं, आणि ते घेऊन या वयात कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं. बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन गल्ल्या चुकून पुढे गेल्यावर आपण घर ओलांडल्याचं तिच्या लक्षात आलं.

तो आतल्या खोलीत पाठीवर झोपला होता. आठ दिवसांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि दिवसातून चारदा थेंब घालायचे होते. “उशीर केलास,” तो म्हणाला. “सहाचे राहिले.” तिने हात धुतले, बाटली हलवली, त्याची पापणी बोटाने खाली ओढली आणि दोन थेंब घातले. डॉक्टरांनी पाच मिनिटं डोळे मिटून पडायला सांगितलं होतं. तो डोळे मिटून पडला. तिला वाटलं, हेच बरं. बघणाऱ्या माणसाला हे विचारता आलं नसतं.

“मायलेकरांतलं मूल आज निघालं,” ती म्हणाली. “डाग आहे तो. मी सही केली.”

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

“तुझा कागद बघितला मी. रेघ गुळगुळीत आहे. तुला ती दिसली नव्हती ना?”

“नाही,” तो म्हणाला.

“मग हं कशाला म्हणालास? माझी कीव आली म्हणून?”

“कीव?” त्याने मिटल्या डोळ्यांनीच मान तिच्याकडे वळवली. “कीव नाही गं. हेवा वाटला. ऊन आत शिरल्यापासून तू सांगितलेल्या जागेवरून डोळा हलवला नाही मी. ऊन आलं, गेलं. डाग होता तिथे, डागच दिसत होता. म्हटलं, हिला दिसते आणि मला का नाही? मी काय केलंय? खाली आलो तर तू वाटेत उभी. तू विचारलंस दिसली का, आणि मला नाही म्हणवेना. तुझ्यासाठी नाही. माझ्या तोंडून ते निघेचना.”

“आणि कागदावर?”

“तंबूत तारीख टाकायला बसलो. पेन्सिल हातात होती.” तो मग हळू म्हणाला, “तुझ्यासारखी मी खडकावरची नाही काढली. मी ठकी काढली. आपल्या जिन्यावरून उतरायची तशी. म्हणून तर पाय जुळले नाहीत.”

“कुठले पाय?”

“तुझ्या कागदावर उजवा पाय पुढे आहे. माझ्या कागदावर डावा. सर म्हणाले, खडक वाकडा आहे, एवढा फरक पडायचाच, आणि त्यांनी तुझा घेतला. मी कोपरा धरून उभा होतो, म्हटलं आता सांगावं. पण तू माझ्याकडे अशी बघत होतीस, किती दिवसांनी बघत होतीस, की नाही सांगितलं. पण ठकी उजवा टाकायची नाही. प्रत्येक पायरीला डावा आधी, मग उजवा शेजारी आणून ठेवायची, मग पुन्हा डावा. तेवीस पायऱ्या. मी खाली उभा असायचो.”

एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि त्याने ते इतक्या सहज घेतलं की रोज मनात घेत असल्याशिवाय कुणाला तसं घेता येत नाही. तिने बाटलीला झाकण लावलं. तिने डोळे मिटले आणि जिना आठवून पाहिला. कठडा आठवला, कठड्यावरचा छोटा हात आठवला, फ्रॉकची सुटलेली शिवण आठवली. पाय आठवेना. डावा की उजवा, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती नेहमी मागून, वरच्या पायरीवरून हाक मारत असायची, की सावकाश उतर.

“अरे,” ती म्हणाली. “अजून काय आठवतं तुला?”

“सगळंच,” तो म्हणाला. “कुठून सांगू?”